किल्ल्यांचे मातीकाम आणि त्यावरचे गवत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची मालिका जागतिक वारसा यादीत घेतली, तेव्हापासून गडकिल्ल्यांच्या जतनाविषयी आपल्या वृत्तपत्रात जेवढे छापून येत आहे, तेवढे त्याआधी क्वचितच आले असेल. त्या बारांत ठाणे जिल्ह्यातील एकही किल्ला नाही. आम्हा नवी मुंबईकरांना त्यातला जवळचा म्हणजे खांदेरी, आणि तो अलिबागजवळच्या समुद्रात. तरीही त्या निर्णयानंतर घोडबंदर, बेलापूर, दुर्गाडी, माहुली या आपल्याकडच्या किल्ल्यांविषयीही लोक बोलू लागले, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र या चर्चेत तट, दरवाजे, तोफा, ध्वजस्तंभ आणि रात्रीची रोषणाई यांना जेवढी जागा मिळते, तेवढी किल्ल्याच्या मातीला मिळत नाही. कृषी खात्यात मृदसंधारणाच्या कामावर नोकरी केलेला माणूस किल्ल्यावर गेला की तटाच्या आधी उताराकडे पाहतो. निवृत्तीनंतरही ती सवय सुटलेली नाही, म्हणून हे पत्र.

किल्ल्यातली माती म्हणजे नेमके काय, हे आधी सांगायला हवे. खणलेला खंदक, त्यातून निघालेल्या मातीने बाहेरच्या बाजूला केलेला ढाळ, तटाच्या दोन दगडी भिंतींच्या मधला भराव, बुरुजाच्या पोटातली भर, तोफा चढवण्यासाठी रचलेले धमधमे आणि वेढा घालणाऱ्यांनी खणलेले मोर्चे, हे सगळे लष्करी मातीकाम आहे. तोफखान्याच्या युद्धात मातीचे मोल दगडापेक्षा कमी नव्हते, कारण दगडावर आदळलेला गोळा दगड फोडतो आणि त्याच्या कपच्या आतल्याच माणसांना लागतात, तर जाड मातीत गोळा रुतून बसतो. १८०५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत इंग्रज सेनापती लॉर्ड लेकच्या फौजेचे लागोपाठ चार हल्ले राजस्थानातल्या भरतपूरला फसले, ते तिथल्या रुंद मातीच्या तटापुढे. आपल्या ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांच्या हातून पुरा होण्याआधीच मार्च १७३७ मध्ये मराठ्यांकडे आला. पुढे १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी त्याला वेढा घातला, तेव्हा रात्री खंदक बुजवण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न बरीच माणसे गमावून फसला आणि दुसऱ्या दिवशी, २८ डिसेंबरला, किल्ला पडला. म्हणजे त्या एका रात्रीपुरता का होईना, ठाण्याचा बचाव तटाइतकाच खंदकानेही केला होता. वसईला चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३९ मध्ये जमिनीच्या बाजूने मोर्चे पुढे सरकवत तटाखाली सुरुंग भरले. असे मोर्चे तात्पुरत्या कामाचे असतात. त्यांची खूण उरली तर ती जमिनीच्या उंचसखलपणातच उरते, आणि एक पोकलेन ती अर्ध्या दिवसात पुसून टाकते.

आता आपल्या पावसाकडे पाहू. ठाणे परिसरात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जोरदार सरीचा थेंब उघड्या मातीवर आपटला की मातीचे कण सुटे होतात, बारीक कण छिद्रांत बसून वर पापुद्रा धरतो, पाणी मुरायचे थांबते आणि वाहू लागते. मग बोटभर रुंदीच्या ओघळी पडतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्यांची घळ होते. शेतातल्या किंवा नाल्यावरच्या मातीच्या बांधाला आम्ही दीडास एक, दोनास एक (आडवे दीड किंवा दोन, तर उभे एक) असा सौम्य ढाळ देत असू, म्हणजे माती आपल्याच वजनाने घसरत नाही. किल्ल्याच्या खंदकाची कड मात्र शत्रूला चढता येऊ नये म्हणून मुद्दाम उभी ठेवलेली असते. एवढ्या उभ्या उतारावर माती टिकते ती केवळ तिच्या अंगावर पांघरूण असते म्हणून. ते पांघरूण गवताचे असो वा पालापाचोळ्याचे, ते निघाले की उताराचे दिवस भरले असे समजावे.

आणि ते पांघरूण आपणच काढतो, तेही किल्ल्यावरच्या प्रेमापोटी. नाव घेत नाही, पण जिल्ह्यातल्या एका किल्ल्याच्या पायथ्याशी मे महिन्यात झाडोरा साफ करण्यासाठी जेसीबी लावला गेला, उतार मुळांसकट खरवडून लाल करून ठेवला गेला, आणि आषाढात ती माती खालच्या गटारात येऊन बसली. साफसफाईचे देयक निघाले असेल. पण वाहून गेलेली माती परत आणता येत नाही, कारण ती नुसती माती नसते. कोणत्या काळात कोणता थर पडला, कुठे जळके आहे, कुठे खापऱ्या आहेत, हे पुरातत्त्वाच्या अभ्यासकाला ज्या थरांवरून कळते ते थरच तिच्याबरोबर गेलेले असतात.

दुसरी तशीच गोष्ट वृक्षारोपणाची. राज्यात २०१९ साली तेहतीस कोटी झाडे लावण्याचा संकल्प झाला होता, आणि पावसाळ्याच्या तोंडावर संस्था, शाळा, कंपन्या झाडे लावायला मोकळी जागा शोधत फिरतात, त्यात त्यांचा काही दोष नाही. पण मोकळी म्हणून दिसणारी किल्ल्याची जागा बहुतेक वेळा खंदकाची कड, बुरुजाचा माथा किंवा जुन्या वाड्याचे जोते असते. रोपासाठी दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घेणे म्हणजे तिथला इतिहासाचा थर कापणे. पुढे ते झाड वाढून वादळात उन्मळले की मुळांच्या गड्ड्याबरोबर बांधातली गाडीभर माती उपटून येते. त्यातून लावली जातात ती झाडेही बरेचदा सुबाभूळ आणि गिरिपुष्प, म्हणजे आपले आपणच पसरणारी.

तिसरा प्रकार लॉनचा. गालिच्यासारखी गुंडाळून आणलेली हिरवळ उतारावर पसरली की उद्घाटनाच्या छायाचित्रात छान दिसते. तिची मुळे वरच्या दोन-चार बोटांतच राहतात, उन्हाळ्यात तिला रोज पाणी द्यावे लागते, त्या पाण्याने भराव आतून भिजत राहतो आणि कापणी यंत्राची चाके बांधाचा माथा घासून बोडका करतात.

याबाबत अमेरिकेतला अनुभव आपल्याला उपयोगी पडण्यासारखा आहे. तिथल्या यादवी युद्धात व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्ग शहराभोवती जून १८६४ ते एप्रिल १८६५ असा सुमारे साडेनऊ महिने वेढा होता आणि त्यात दोन्ही सैन्यांनी मैलोगणती मातीचे मोर्चे व धमधमे उभारले. सुरुंगाने तटबंदी उडवण्याचा प्रयोगही ३० जुलै १८६४ रोजी झाला आणि त्याचा खड्डा आजही जपलेला आहे. तिथल्या राष्ट्रीय उद्यान सेवेने असे मातीकाम दीर्घकाळ हिरवळ राखून, वरचेवर यंत्राने कापून सांभाळले. पुढे पाहणीत दिसून आले की, जे मोर्चे शंभराहून अधिक वर्षे रानात तसेच पडून होते, ज्यांच्यावर पानांचा थर साचत राहिला, त्यांचा आकार नीटनेटक्या हिरवळीखालच्या मोर्च्यांपेक्षा बरेचदा अधिक चांगला टिकला होता. त्यावरून १९९० च्या दशकात तिथले धोरण बदलत गेले. जिथे रान आहे तिथे ते विरळ करून ठेवायचे, पडण्याच्या बेतात असलेले झाड वेळीच कापायचे पण त्याचे मूळ मातीतच राहू द्यायचे. आणि जिथे इतिहास समजण्यासाठी मोकळे दिसणे गरजेचे आहे, तिथे हिरवळीऐवजी त्या प्रदेशातले उंच गवत वाढू देऊन ते वर्षातून एखाद्या वेळीच कापायचे. इंग्लंडमध्ये डॉर्सेट परगण्यातल्या मेडन कॅसल या लोहयुगातल्या प्रचंड मातीच्या किल्ल्यावर हेच काम मेंढ्या चारून केले जाते.

हे जसेच्या तसे आपल्याकडे उचलता येणार नाही, हेही सांगितले पाहिजे. व्हर्जिनियात पाऊस वर्षभर विभागून पडतो. आपल्याकडे सागाची आणि ऐनाची पाने शिशिरात झडतात, त्यांचा थर जमिनीवर पडतो, आणि नेमके फेब्रुवारी ते मे या काळात कुणीतरी वणवा लावतो. मग जूनची पहिली सर पडते ती राख झालेल्या उघड्या जमिनीवर. वर्षभरातली सर्वांत जास्त धूप त्याच पंधरवड्यात होते, असे माझे निरीक्षण आहे. म्हणून आपल्याकडे पालापाचोळ्यावर भरवसा ठेवायचा असेल, तर दिवाळीनंतर किल्ल्याच्या घेऱ्याभोवती जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा मोकळा पट्टा, काढणे ही पहिली अट ठरते.

इथे एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो जाणकारांकडूनच येईल. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभी, तटात वाढणारी झाडे वरचेवर कापून काढण्याची आणि तटाखालचे गवत जाळून गड साफ राखण्याची शिकवण दिलेली आहे. मग आज जाळू नये असे का म्हणायचे? त्या काळी तटाखालच्या गवतात माणूस लपू नये हा उघड हेतू होता, आणि गडावर बारा महिने राबते मनुष्यबळ होते. ओघळ पडली तर दुसऱ्या दिवशी बुजवणारे हात तिथेच होते. आज गडावर राहणारे कुणी नाही. त्या शिकवणीतला पहिला भाग, म्हणजे झाडे वरचेवर काढणे, तो मात्र आजही शब्दशः पाळण्यासारखा आहे, आणि आपण नेमका तोच विसरलो आहोत.

वड, पिंपळ, उंबर यांचे बी पक्ष्यांच्या विष्ठेतून दगडांच्या सांध्यात पडते. रोप करंगळीएवढे असताना ते हाताने निघते, पिंपळाचे असेल तर कुंडीत लावून दुसरीकडे जगवताही येते, त्यामुळे पिंपळ तोडल्याचे पाप कुणाच्या माथी येत नाही. तेच रोप दहा वर्षांनी मनगटाएवढे झाले की मुळे भिंतीच्या दोन्ही तोंडांतून आरपार गेलेली असतात आणि ते उपटणे म्हणजे भिंत उपटणे. अशा झाडाचे खोड कापावे, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली बुंध्याला औषध लावावे आणि मूळ जागीच मरू द्यावे. शहरी हद्दीतल्या किल्ल्यांवर यासाठी झाडांच्या जतनाच्या १९७५ च्या अधिनियमाप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला तर वारसा वृक्षाचे संरक्षण आहे. कायदा योग्यच आहे. पण याचा अर्थ असा की बुरुजावरचे झाड लहान असतानाच काढले नाही, तर उद्या झाडाचा वारसा आणि बुरुजाचा वारसा एकमेकांसमोर उभे राहतील आणि निर्णय कुणीच घेणार नाही.

उतारावर काय वाढवावे, याचे उत्तर आपल्याच माळरानांत आहे. मारवेल, शेडा, कुसळी ही बहुवर्षायू गवते आणि जमिनीलगत पसरणारी हरळी यांची मुळे जाळ्यासारखी खोल जातात, त्यांना पाणी द्यावे लागत नाही आणि उन्हाळ्यात वरून वाळली तरी बुडखे माती धरून ठेवतात. जिथे ओघळ पडलीच आहे तिथे समपातळीत वाळ्याच्या ओळी लावाव्यात. वाळा बांध धरतो हे कोकणातल्या शेतकऱ्याला नव्याने शिकवायला नको. मात्र त्या ओळी पुरातत्त्व खात्याने पाहून दिलेल्या जागीच असाव्यात आणि वाळा नंतर कुणी मुळांसाठी खणू नये, कारण खणला तर केलेले काम उलटेच होईल.

या गवतांचे सर्वांत मोठे शत्रू म्हणजे टणटणी (घाणेरी) आणि रानमोडी ही झुडपे. टणटणीच्या दाट सावलीत गवत मरते, त्यामुळे वरून हिरवागार दिसणारा उतार झुडपाखाली बोडका असतो आणि पाणी तिथूनच माती नेते. ती काढायची तर जमिनीच्या वर कापून उपयोग नाही, कारण बुंध्यातून दुप्पट फुटवे येतात. आणि उतारावर समूळ उपटणेही घातक. खोड जिथे मुळाला मिळते त्याच्या तीन-चार बोटे खाली कुदळीने मूळ तोडावे, झुडूप तिथेच उलटे करून वाळू द्यावे, आणि हे काम फुले-फळे धरण्याआधी, टप्प्याटप्प्याने, वरून खाली पट्टे पाडत करावे. एका पट्ट्यावर गवत धरल्याशिवाय दुसरा पट्टा उघडा करू नये. हे सावकाश होणारे काम आहे, आणि रविवारी शंभर स्वयंसेवक येऊन एका दिवसात गड चकाचक करण्याच्या उत्साहात ते बसत नाही. दुर्गसंवर्धनाच्या मोहिमा काढणाऱ्या तरुण मंडळींबद्दल मला मनापासून आदर आहे. तीच शंभर माणसे वर्षभरात वाटून आली तर हवे ते काम होईल.

गवताची कापणी बी झडल्यावर, साधारण कार्तिकात, वर्षातून एकदा करावी. विळ्याने, जमिनीपासून चार-पाच बोटे ठेवून. ब्रश कटर या गवत कापण्याच्या यंत्राने जमीन तासून काढली जाते, म्हणून तो उतारावर नकोच. मुंबईच्या तबेल्यांना एके काळी ठाणे जिल्ह्यातून गवताच्या गाड्या जात, आणि मुरबाड, शहापूरकडे गवत कापण्याचे कसब असलेली ठाकूर, कातकरी कुटुंबे आजही आहेत. कापणीचे काम त्यांना रास्त मजुरीने द्यावे आणि गवत त्यांनीच न्यावे, म्हणजे वाळलेला चारा गडावर पडून वणव्याला निमंत्रण मिळणार नाही.

पाण्याविषयी थोडक्यात. तटाचा भराव पावसात भिजतो आणि ते पाणी चुन्याच्या दर्जांतून (दगडांमधल्या सांध्यांतून), दगडांच्या फटींतून हळूहळू बाहेर पडते. दर्जा सिमेंटने भरल्या की पाणी आत कोंडते, भिंतीला पोट सुटते आणि एखाद्या श्रावणात ती एकदम बसते. लोक म्हणतात, जुने बांधकाम होते, पावसाने पडले. दर्जा चुन्यानेच भराव्यात आणि माथ्यावरच्या पाण्याला जुन्या वाटांनीच बाहेर काढावे.

पायवाटांचे मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण शहराजवळच्या किल्ल्यांना पुढे सर्वांत मोठा त्रास त्यांचाच होणार आहे. माणूस नेहमी सरळ चढतो आणि बुरुजाच्या कडेला उभा राहून छायाचित्र काढतो. एका पावसाळ्यात शेकडो पायांनी तुडवलेली वाट ही पाण्यासाठी तयार पाट होते. फलक लावून हे थांबत नाही. चढण्याची एकच वाट ठरवावी, ती दगडी पायऱ्यांची किंवा जमिनीवर टेकवून ठेवलेल्या, खांब न पुरलेल्या लाकडी फळ्यांची असावी, आणि बाकीच्या वाटांच्या तोंडाशी करवंदीच्या काट्या टाकाव्यात. झिजलेल्या जागी भर घालताना आधी पातळ कापडाचा थर अंथरून मगच बाहेरची स्वच्छ माती टाकावी, म्हणजे पुढच्या पिढीतल्या उत्खनन करणाऱ्याला मूळ काय आणि आपण काय घातले हे वेगळे ओळखता येईल. वर काथ्याची जाळी खुंट्यांनी बसवून त्यात गवत पेरावे. जाळी दोन-तीन पावसाळ्यांत कुजून जाते, तोवर मुळांनी माती धरलेली असते. प्लास्टिकची जाळी कृपा करून नको.

आता प्रशासनाकडे वळतो. जिल्हा वार्षिक योजनेतून गडकिल्ल्यांसाठी निधी देता येतो, आणि बेलापूरच्या किल्ल्याच्या जतनाचे काम सिडकोने हाती घेतलेले आहे. अडचण पैशापेक्षा निविदेच्या साच्यात आहे. निविदेत दगडी काम घनमीटरमध्ये, फरसबंदी चौरस मीटरमध्ये आणि दिवे नगांत मोजता येतात; उतारावरचे गवत सांभाळणे हे मात्र कोणत्याच दरसूचीत नीट बसत नाही, म्हणून ते उद्यान विभागाच्या सुशोभीकरणात ढकलले जाते आणि तिथून लॉन येते. माझी सूचना अशी की, जिल्ह्यातल्या प्रत्येक किल्ल्याच्या आराखड्यासोबत खंदक, ढाळ, भराव आणि मोर्चे यांचा वेगळा नकाशा जोडावा, त्या नकाशातल्या क्षेत्रात यंत्राने खोदाई आणि वृक्षारोपण यांना मनाई असावी, आणि देखभालीचे काम किमान पाच वर्षांच्या मुदतीने द्यावे, ज्यात देयक ओघळींच्या आणि गवताच्या दर वर्षीच्या पाहणीवर अवलंबून असेल. पाहणी दोनदा पुरे: एकदा पाऊस ओसरल्यावर आश्विनात आणि एकदा मे महिन्याच्या अखेरीस. ठरावीक खुणेच्या दगडांवरून, त्याच जागेवरून, त्याच कोनातून छायाचित्रे घ्यायची; त्याला ना मोठा तज्ज्ञ लागतो ना मोठा खर्च. महाविद्यालयातले भूगोलाचे विद्यार्थी हे काम उत्तम करतील.

ठाण्याच्या किल्ल्याचा विषय वेगळा आहे, कारण तो आजही मध्यवर्ती कारागृह आहे. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या क्रांतिकारकांना १९ एप्रिल १९१० रोजी तिथेच फाशी दिली गेली, त्यामुळे ही जागा लोकांसाठी खुली व्हावी अशी मागणी अधूनमधून होत असते. ती मान्य होईल तेव्हा होईल. पण ज्या दिवशी तिथे पहिला आराखडा कागदावर येईल, त्या दिवशी वाहनतळ आणि उद्यान आखण्यापूर्वी जुन्या खंदकाची रेषा शोधून नकाशावर टाकावी, एवढी विनंती आताच नोंदवून ठेवतो. जिल्हाधिकारी कार्यालय आणि पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय यांनी घोडबंदर आणि बेलापूर या दोन किल्ल्यांपुरता तरी मातीकामाचा असा नकाशा येत्या पावसाळ्याआधी करता येईल का, याचे उत्तर आपल्या वृत्तपत्राच्या वाचकांना द्यावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मृदसंधारण कर्मचारी,
सीबीडी बेलापूर, नवी मुंबई